ताप आलाय, आता काय करू? दवाखान्यात रोज विचारले जाणारे प्रश्न

श्रावण सरला की आमच्या दवाखान्याच्या बाकावर बसायला जागा मिळत नाही. गणपती येतात, अनंत चतुर्दशीच्या झांक्या बघायला अख्खं इंदूर रात्रभर रस्त्यावर उभं राहतं, आणि दोन-चार दिवसांत निम्मी आळी कण्हत आमच्या दारात येते. प्रश्न ठरलेले असतात. तीच उत्तरं देऊन कंपाउंडरचा घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं. रामबाग, नारायणबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, कुठूनही येत असाल तरी निघण्याआधी एवढं वाचा. आधी दवाखान्याचे बदल, मग तापाचं.

दवाखान्याच्या वेळा बदलल्या का?

सकाळी ९ ते १२ पूर्वीसारखंच. संध्याकाळी आता ६ ते साडेआठ, कारण पाच वाजता नोकरदार माणूस पोचतच नव्हता. पावसाळी तापाचे दिवस संपेपर्यंत रविवारीही सकाळी १० ते १२ उघडं आहे, पण फक्त तापासाठी. केसपेपर ३० रुपये, आणि तो आठ दिवस चालतो. त्याच तापासाठी तिसऱ्या दिवशी परत यायचं म्हणून पुन्हा पैसे भरू नका. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं, म्हणून ते येत नाहीत आणि सहाव्या दिवशी उगवतात.

बीपी-शुगरच्या गोळ्या घ्यायला आलेल्या आईला परत का पाठवलं?

परत पाठवलं नाही, मंगळवार-शुक्रवार दिला. सत्तरीतल्या माणसाला दहा तापकऱ्यांच्या मधे तासभर बसवायचं आमच्या जिवावर येतं. तापवाल्यांना व्हरांड्यात बसवतो तेही याचसाठी, त्यात अपमान काही नाही.

हाताला अंग गरम लागलं म्हणजे ताप का?

नाही. स्वयंपाकघरातून आलेल्या आईच्या गार हाताला मुलाचं कपाळ नेहमीच गरम लागतं. १०० रुपयांच्या आसपास डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो घ्या. जुना पाऱ्याचा असेल तर मुलांच्या हाती देऊ नका. फुटला की पारा फरशीवर पळतो आणि त्याची वाफ वाईट. काखेत लावायचा असेल तर आधी घाम पुसा, दंड अंगाशी घट्ट धरा, पीं वाजेपर्यंत काढू नका. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक डिग्री कमी येतो. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस, किंवा त्याच्या वर असेल तर त्याला आम्ही ताप म्हणतो. दुपारी खेळून आलेल्या पोराला ९९.४ असेल तर त्याला पाणी पाजा आणि सोडा.

आणि आकडा एका वहीत लिहून ठेवा. तारीख, वेळ, किती ताप, कोणती गोळी, लघवी किती वेळा. 'काल रात्री खूप होता हो डॉक्टर' यावरून आम्हाला काही कळत नाही. 'रात्री ११ ला १०३, गोळीनंतर १ वाजता १००, पहाटे ५ ला पुन्हा १०२' यावरून पुष्कळ कळतं. तपासणीच्या निम्म्या चिठ्ठ्या या एका वहीने वाचतात.

ताप थर्मामीटरमध्ये येत नाही, पण अंगात आहे. हाडीताप असेल का?

हा आमच्याकडचा सर्वांत जुना प्रश्न. थर्मामीटर खोटं बोलत नाही, आणि तुम्हीही खोटं बोलत नाही. कणकण, थकवा, अंग मोडून येणं खरं असतं. फक्त त्याचं नाव ताप नसतं. बायकांमध्ये बहुतेकदा रक्त कमी निघतं, कधी थायरॉइड, कधी शुगर, कधी नुसती अपुरी झोप. पण रोज संध्याकाळी खरोखर ९९-१०० भरत असेल, दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, वजन उतरत असेल, रात्री घामाने उशी भिजत असेल, तर क्षयाची तपासणी करून घ्या. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते, औषधंही फुकट, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात (ऑक्टोबर २०२४ पर्यंत ५०० होते). यात लाजण्यासारखं काही नाही, सांगायला मात्र लागतं.

किती डिग्रीला गोळी द्यायची?

आकड्याला औषध देऊ नका, माणसाला द्या. पोरगं १०१ तापात पत्ते मांडून बसलं असेल तर गोळीची घाई नाही. त्याच १०१ ला अंग ठणकतंय, झोप नाही, पाणी नको म्हणतंय, तर द्या. शरीर आतून जंतूंशी झगडताना स्वतःच आच वाढवतं. पॅरासिटामॉल ती आच कमी करून आराम देतं, आजार बरा करत नाही. गोळी उतरली की ताप परत चढणार, हे धरूनच चाला. 'गोळी लागू पडत नाही' म्हणून चार तासांत तीन डॉक्टर बदलणारे लोक आम्ही पाहतो.

मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, सहा तासांच्या अंतराने. धडधाकट माणसाने २४ तासांत ४००० मिलिग्रॅमची हद्द ओलांडायची नाही. वजन कमी, लिव्हरचं दुखणं किंवा रोजची दारू असेल तर हद्द बरीच खाली, विचारूनच घ्या. गफलत होते ती इथे: डोलो घेतली, वर सर्दीची रंगीत गोळी घेतली, वर अंगदुखीची. तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकतं. पाकिटामागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, चष्मा लावा.

लहान मुलाला किती द्यायचं? शेजारणीने पाच एमएल सांगितलं.

शेजारणीचं मूल किती किलोचं आहे? मुलाचा डोस वयावर ठरत नाही, वजनावर ठरतो. एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, सहा तासांनी, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. म्हणजे १० किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम.

आता हे १५० कुठून मोजायचं? बाजारात एकाच नावाची सिरप वेगवेगळ्या ताकदीची मिळतात. ५ एमएलमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेलं असेल तर ६ एमएल. ५ एमएलमध्ये २५० असलेलं असेल तर ३ एमएल. आणि ड्रॉप्स, ती छोटी बाटली, त्यात १ एमएलमध्येच १०० असतात, म्हणजे फक्त दीड एमएल. लोकांना वाटतं, ड्रॉप्स म्हणजे बाळासाठी सौम्य. उलट आहे, ते जास्त तीव्र असतात, बाळाने थोडंच गिळावं म्हणून. शेजारणीच्या पाच एमएलच्या हिशेबाने ड्रॉप्स पाजले तर त्या बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातील, त्याला हवं त्याच्या तिपटीहून जास्त.

चमचा चहाचा घेऊ नका, बाटलीबरोबर आलेलं मापच घ्या. आमच्या खिडकीवर वजनकाटा ठेवला आहे. मूल आणा, वजन करा, बाटली दाखवा, कंपाउंडर तुमच्यासमोर बाटलीवर पेनाने रेघ मारून देईल. याला केसपेपर लागत नाही.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला तर मात्र यातलं काहीच करत बसू नका. तडक मुलांच्या हॉस्पिटलात न्या, रात्र असली तरी.

जुनं औषध घरात आहे, तेच देऊ का?

कोणतं ते बघा. निमेसुलाइड असेल तर १२ वर्षांखालच्या मुलांना आपल्या देशात २०११ पासून मनाई आहे, तरी घराघरांतल्या डब्यात ती पडलेली असते. ॲस्पिरिन मुलांना तापात द्यायची नाही. पाणी घालून तयार केलेलं अँटिबायोटिक सिरप थोड्याच दिवसांत निकामी होतं, 'गेल्या वर्षीचं अर्धं उरलंय' हे विसरा. आणि खोकल्याची सिरपं: २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याच राज्यात, छिंदवाड्याकडे, डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेल्या सिरपामुळे लहान मुलं किडनी निकामी होऊन गेली. दोष त्या विषारी औषधाचा होता हे खरं, पण तिथे साध्या सर्दी-तापाला ते दिलं गेलं होतं हेही खरं. दोन वर्षांखाली खोकला-सर्दीचं सिरप नकोच, पाच वर्षांखालीही सहसा नको. वर्षावरच्या मुलाला खोकल्यासाठी अर्धा चमचा मध चालतो.

ताप डोक्यात जाईल म्हणून बर्फाच्या पट्ट्या ठेवल्या. बरोबर ना?

पट्ट्या ठेवा, बर्फ नको. गार पाण्याने कातडीच्या शिरा आकसतात, मूल कुडकुडतं आणि कुडकुडण्याने आतली उष्णता वाढते. कोमट पाण्यात पंचा पिळून मान, काखा, जांघा, पाय पुसा, नुसतं कपाळ नव्हे. पोराला आवडत नसेल, रडून गोंधळ घालत असेल तर सोडून द्या. यू-डी-कोलन, स्पिरिट चोळायचं नाही.

'डोक्यात जाणं' म्हणाल, तर संसर्गाच्या तापाला शरीर स्वतःच लगाम घालतं. नुसत्या १०३ मुळे मेंदू बिघडत नाही. आपल्या आज्यांना ज्याची भीती होती तो बहुधा मेंदूज्वर असे. त्यात आधी मेंदूला संसर्ग होतो, ताप त्याचं लक्षण असतं. मान ताठ, उलट्या, बडबड, झापड असेल तर आकडा १०० असला तरी हॉस्पिटल.

हुडहुडी भरते तेव्हा चादर द्या, ती थांबली की काढा. तीन गोधड्यांखाली घाम काढण्याची जुनी रीत आता पुरे.

तापात मुलाला झटका आला तर?

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत, शंभरात दोन ते पाच जणांना, तापाबरोबर असा झटका येतो. पाहणाऱ्याचं काळीज थांबतं, मला कल्पना आहे. मुलाला कुशीवर वळवा, जमिनीवर किंवा गादीवर, आजूबाजूचं टोकदार काही सरकवा, आणि घड्याळ बघा. बहुतेक झटके पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात. तोंडात चमचा घालू नका, पाणी ओतू नका, हातपाय दाबून धरू नका. चप्पल किंवा कांदा हुंगवल्याने झटका थांबत नाही. तो थांबायचाच असतो, श्रेय चपलेला जातं. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ लावा. थांबला तरी पहिल्या वेळी त्याच दिवशी मुलांच्या डॉक्टरांना दाखवायचंच. असा साधा झटका म्हणजे मिरगी नव्हे. हे मी घरच्यांना तीनदा सांगते आणि मुलगी असेल तर चौथ्यांदा तिच्या आजीला वेगळं सांगते, कारण लग्नाची काळजी तिला आत्तापासून लागलेली असते.

विडाल पॉझिटिव्ह आलीय. टायफॉइडच ना?

इंदुरात पावसाळ्यात कुणाचीही विडाल करा, पुष्कळांची थोडी तरी पॉझिटिव्ह येईल. ही तपासणी १८९६ सालची, विडाल नावाच्या फ्रेंच डॉक्टरची. ती जंतू शोधत नाही, त्याच्या विरुद्ध शरीराने कधीतरी बनवलेल्या प्रतिपिंडांच्या खुणा शोधते. मागे झालेला टायफॉइड, घेतलेली लस, दुसराच एखादा संसर्ग, सगळे त्यात खुणा सोडतात. तिसऱ्या दिवशी केली तर खरा टायफॉइड असूनही निगेटिव्ह येऊ शकते. म्हणजे चुकायला दोन्ही बाजूंनी मोकळीक.

खरी तपासणी म्हणजे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघणं, पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी. निकालाला काही दिवस लागतात, खर्च जास्त आहे, म्हणून आम्ही सरसकट लिहीत नाही. पण जिथे लिहितो तिथे 'आधी विडाल करून बघू' असं म्हणू नका. आणि टायफॉइड निघालाच तर औषध सुरू झाल्यावरही ताप उतरायला चार-पाच दिवस जातात. दुसऱ्या दिवशी औषध बदला म्हणून येऊ नका, आणि सहाव्या दिवशी बरं वाटलं म्हणून ते सोडू नका.

लक्षात ठेवा, टायफॉइड तोंडावाटे येतो. सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, बारा वाजता खाऊ नका असं मी सांगणार नाही, माझंच ऐकायचं कोण? कढईतून काढलेलं गरम भुट्ट्याचं कीस खा, बर्फाचा गोळा आणि चिरून ठेवलेली फळं सोडा. मुलांसाठी टायफॉइडची लस आहे, सहा महिन्यांपासून पुढे देता येते.

अझिथ्रोमायसिन तीन दिवस घेतली तरी ताप आहे. आता कोणती घेऊ?

आता कोणतीच नको. पावसाळ्यातले बहुतेक ताप विषाणूंचे, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मेडिकलवरून आणलेल्या तीन गोळ्यांनी एवढंच झालं की कल्चर केलं तर आता जंतू हाती लागणं कठीण. यापुढे कोणताही ताप असला तरी मलेरियाची तपासणी आधी. बोटाच्या एका थेंबावर वीसेक मिनिटांत कळतं, आमच्याकडे आणि सरकारी संजीवनी क्लिनिकमध्येही होते. व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया निघाला तर सोबतची प्रायमाक्विनची गोळी १४ दिवस घेऊन संपवायची, नाहीतर लिव्हरमध्ये दडलेला जंतू काही महिन्यांनी पुन्हा डोकं काढतो.

इंदूर स्वच्छतेत पहिलं, मग डेंग्यू कसा?

२०१७ मध्ये पहिला नंबर आला तेव्हापासून हा प्रश्न ऐकते आहे. डेंग्यूच्या एडिस डासाला नालीतली घाण नकोच असते, त्याला तुमच्या घरातलं स्वच्छ पाणी हवं असतं. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून डोंगर चढून आपल्याकडे येतं ते एक दिवसाआड, म्हणून घरोघरी हौद, ड्रम, पिंप भरलेली. त्यात कूलरची टाकी, मनी प्लँटची बाटली, फ्रिजमागची ताटली, गच्चीवरची पाखरांची परळ. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळं रिकामं करून आतून घासायचं. घासायचं, कारण अंडी कडेला चिकटून बसतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. हा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी.

डेंग्यूचा ताप उतरला, आता कामावर जाऊ?

थांबा. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. डेंग्यूत धोका ताप चढलेला असताना कमी, उतरताना जास्त असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप खाली येतो, घरचे देवापुढे साखर ठेवतात, आणि नेमक्या त्याच एक-दोन दिवसांत काहींच्या रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरायला लागतं. रक्त घट्ट होतं, बीपी खचतं. तेव्हा पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार, अस्वस्थपणा किंवा विचित्र झापड, सहा तास लघवी नाही, यातलं एकही दिसलं तर वाट बघायची नाही. वहीत लघवीचा रकाना याचसाठी आहे.

तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, कंबरदुखीचं इंजेक्शन, काही नको. त्यांनी रक्तस्राव वाढतो. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन चालू असेल तर स्वतः बंद न करता त्याच दिवशी विचारा. तपासणी पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (विषाणूचा अंश शोधणारी), त्यानंतर आयजीएम (प्रतिपिंडं शोधणारी). दिवस चुकला की रिपोर्ट चुकतो.

प्लेटलेट ४० हजारांवर आल्यात, पपईच्या पानांचा रस देऊ का?

प्लेटलेटचा आकडा म्हणजे आमच्या गावात क्रिकेटचा स्कोअर झालाय, सकाळ-संध्याकाळ व्हॉट्सॲपवर फिरतो. रक्त येत नसेल तर १० हजारांच्या वर प्लेटलेट चढवायची गरज बहुधा पडत नाही, आणि त्या स्वतःच पुन्हा वाढतात. डॉक्टर त्याच रिपोर्टात हिमॅटोक्रिट बघत असतात, रक्त किती घट्ट झालं ते; तुम्हीही तो आकडा विचारा. पपईच्या रसाने पाझर थांबतो असं सिद्ध झालेलं नाही, उलटी मात्र होऊ शकते, आणि उलटीने पाणी जातं. बकरीचं दूध, किवी, यांवर हजार रुपये घालवण्याऐवजी ताक, पेज, नारळपाणी, ओआरएस द्या. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात एकदमच कालवायची, चिमूटचिमूट नाही, आणि २४ तासांनी उरलेलं फेकायचं. पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघा. खोक्यातली गोड सरबतं ते काम करत नाहीत.

अशक्तपणा आहे, एक बाटली लावून द्या ना!

अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, सुमारे पाच चमचे. तुम्ही चालत आलात, गिळू शकता, तर हेच घरी लिंबू-सरबतात मिळतं. आमच्याकडे बाटली लावत नाही म्हणून काही मंडळी पुढच्या गल्लीत जातात आणि पाचशे रुपये देऊन येतात. जावोत. ज्याला खरी गरज आहे त्याला आम्ही हॉस्पिटलातच पाठवतो.

तापात भात चालतो का?

चालतो. मऊ भात, मेतकूट, तूप. पोहेसुद्धा, फक्त वर शेव मूठभर नको. भूक नसेल तर एक दिवस जेवण नसलं तरी बिघडत नाही, पाणी नसलं तर बिघडतं. आईचं दूध कोणत्याही तापात बंद करायचं नाही.

आजोबांना ताप नाही, पण दोन दिवस बरळतायत.

लगेच दाखवा. म्हातारपणी मोठ्या संसर्गातही ताप चढत नाही कधी कधी. अचानक गोंधळणं, जेवण सोडणं, तोल जाणं हाच त्यांचा ताप. सत्तरी पार केलेल्यांचं आयुष्मान कार्ड उत्पन्न न बघता निघतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. नसेल काढलं तर आजारपण येण्याआधी काढा. गरोदर बाईलाही तापात घरी ठेवून वाट बघायची नाही.

मे महिन्यात उन्हातून आल्यावर १०५ भरला तर?

ती लू, म्हणजे उष्माघात. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर साधं पाणी ओतत पंखा लावा, १०८ लावा. इथे गार पाणी चालतं, उशीर चालत नाही. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

तुमच्याकडे न येता सरळ मोठ्या हॉस्पिटलात कधी?

धाप लागली, झटका, बेशुद्धी, मान ताठ, रक्त, अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके, लघवी बंद. मोठ्यांना एमवाय या सरकारी हॉस्पिटलला, मुलांना शेजारी चाचा नेहरू या मुलांच्या हॉस्पिटलला, किंवा जवळ असेल तिथे. आमची चिठ्ठी असल्याशिवाय घेत नाहीत ही अफवा आहे, इमर्जन्सीला चिठ्ठी लागत नाही. वही मात्र बरोबर न्या.

वही म्हणजे कसली? वेगळी मिळते का?

शाळेची अर्धी उरलेली चालते. मोबाइलमध्ये लिहिलंत तरी चालेल. गेल्या वर्षी एक आजी कालनिर्णयचं सप्टेंबरचं पान फाडून घेऊन आल्या. दुधाच्या हिशेबाच्या चौकोनांत नातवाचा ताप वेळेसकट लिहिलेला, आणि पाचव्या दिवशी ताप ९९ च्या खाली 'सकाळपासून शू नाही' असं. त्याच दुपारी त्याला भरती केलं. आठवड्याने आजी पान परत मागायला आल्या, कारण दुधाचा हिशेब राहिला होता.